वॉल्श, बिल
(३० नोव्हेंबर १९३१ – ३० जुलै २००७). अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक. क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हाती असणारा खेळाडू, घडवता येतो हे त्यांनी दाखवून दिले. ते सिनसिनाटी बेंगॉल्सचे सहायक प्रशिक्षक असताना त्या संघाचा क्वार्टरबॅक ग्रेग कुक खांद्याच्या दुखापतीने बाद झाला, तेव्हा बेताच्या ताकदीच्या व्हर्जिल कार्टरसाठी त्यांनी आखूड, नेमक्या वेळेच्या फेकींची पद्धत रचली. १९७१ मध्ये अचूकतेत कार्टर लीगमध्ये पहिला आला. पुढे सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सने त्यांच्या हाताखाली (१९७९–८८) तीन सुपर बोल जिंकले. या संघाचा क्वार्टरबॅक जो मोंटॅना मुळातच असामान्य होता, मग श्रेय प्रशिक्षकाला कशाला, असा आक्षेप घेता येईल. पण १९७९ च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्ट) तो ८२ व्या क्रमांकापर्यंत इतर संघांनी उचलला नव्हता. कार्टरला तर हा आक्षेप लागूच पडत नाही. क्वार्टरबॅक स्टीव्ह यंगलाही १९८७ मध्ये त्यांनीच आणले. तो बहरला मात्र वॉल्श संघ सोडून गेल्यावर.