लॉस एंजलिसचे धुरके आणि दोन उपकरणांचा कायदा

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजलिसवर दाट, झोंबणारे धुरके उतरले. डोळ्यांची आग होऊ लागली, घसे खवखवले. युद्धाचे दिवस असल्याने शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका लोकांना आली. मग संशय गेला तो कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन तयार करणाऱ्या एका कारखान्यावर. तो बंद ठेवला, तरी धुरके येतच राहिले.

१९४७ मध्ये तेथे हवा प्रदूषण नियंत्रणाचे स्वतंत्र खाते निघाले. प्रदूषण म्हणजे धूर आणि सल्फर डायऑक्साइड, ही तेव्हाची समजूत. त्यानुसार तेलशुद्धीकरण कारखान्यांना वेसण घातली गेली. डोळ्यांतले पाणी काही थांबले नाही.

हे कोडे सोडवले आरी हागेन-स्मिट या जैवरसायनशास्त्रज्ञाने. कॅल्टेकमध्ये ते अननसाच्या स्वादाचे घटक वेगळे करीत होते; तेच तंत्र त्यांनी शहराच्या हवेला लावले. पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांच्या मिश्रणावर प्रकाश पाडताच प्रयोगशाळेत धुरके तयार झाले, त्यात ओझोनही होता. म्हणजे हा ओझोन कोणत्याही धुराड्यातून येत नव्हता, सूर्यप्रकाशात तो हवेतच बनत होता! ओझोन ओळखण्याची त्यांची युक्ती वर्गात सांगण्याजोगी आहे. रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची आणि तडे दिसायला किती वेळ लागतो ते पाहायचे. नैसर्गिक रबराच्या रेणूंतील दुहेरी बंध ओझोन तोडतो आणि ताणामुळे तेथे भेग उघडते. त्या शहरात टायर लवकर का तडकत, हेही त्यातून उलगडते.

आता आरोपी घरोघरची मोटार होती, आणि योग्य उपकरण अजून तयार नाही, असे मोटार कंपन्या सांगत. १९६० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला : राज्याच्या मंडळाने निदान दोन उपकरणे तपासून मान्य केली, की वर्षभराने नव्या गाड्यांवर तशी सोय सक्तीची. १९६७ पूर्वी हे जमणार नाही, असा कंपन्यांचा सूर होता. १९६४ मध्ये मंडळाने चार उपकरणे मान्य केली, आणि तीही मोटार कंपन्यांबाहेरच्या उत्पादकांची. थोड्याच काळात कंपन्यांना १९६६ च्या गाड्यांतच सुधारणा करणे जमू लागले! मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत बोलका वाटतो. मंडळाने यंत्र शोधले नाही. मर्यादा ठरवली, चाचणी घेतली आणि मुदत घातली.

१९६७ मध्ये राज्याचे हवा संसाधन मंडळ स्थापन झाले. पहिले अध्यक्ष हागेन-स्मिटच. देशाच्या मानकांहून कडक मानके लावण्याची वाटही राज्याला त्याच वर्षी मोकळी झाली. पुढे गाड्या कितीतरी वाढूनही तेथील ओझोनची कमाल पातळी १९५० च्या दशकातल्या पातळीच्या निम्म्याहून खाली आली आहे, मात्र आरोग्याच्या मानकात ती अजून बसत नाही.

१९७५ पासून तेथील नव्या गाड्यांत उत्प्रेरक परिवर्तक आले. शिशाने उत्प्रेरक निकामी होतो, म्हणून पेट्रोलही बदलावे लागले. एप्रिल १९९५ मध्ये मुंबईसह आपल्या चार महानगरांत नव्या मोटारींसाठी हीच जोडी आली : उत्प्रेरक परिवर्तक आणि शिसेविरहित पेट्रोल.