जिल्ह्याच्या एसपीची कुळकथा

जिल्ह्याच्या गावी कलेक्टर आणि एसपी ही नावं जोडीनंच घेतली जातात. त्यातला एसपी वयानं बराच धाकटा. आणि त्याचं मूळ ना पेशवाईत, ना लंडनच्या पोलिसांत. ते आयर्लंडमध्ये सापडतं.

गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या १८२७च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात जिल्ह्याचा बंदोबस्त कलेक्टरकडेच ठेवला होता. त्याच्या हाताखाली तालुक्याला मामलेदार, गावाला पाटील. सारा वसूल करणारे आणि माणसाला कोठडीत टाकणारे एकच. अशी व्यवस्था रयतेचं काय करते, ते मद्रास इलाख्यातल्या १८५५च्या चौकशी आयोगानं नोंदवून ठेवलं आहे. साऱ्यासाठी माणसाला वाकवून बांधून ठेवत, लाकडी चिमट्यात बोटं पिळत, उन्हात उभं करत. महसूल आणि पोलीस वेगळे करायला हवेत, हे सरकारला उशिरा का होईना, पण पटू लागलं.

तोवर सिंधमध्ये एक नमुना उभा होता. चार्ल्स नेपियरनं १८४३मध्ये सिंध जिंकला आणि तिथं आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर पोलीस उभारले. ही आयरिश फौज १८२२च्या कायद्यातून जन्मली आणि १८३६मध्ये डब्लिनमधल्या एका इन्स्पेक्टर जनरलच्या हुकमाखाली आली. तिचे शिपाई हत्यारबंद, बराकीत राहणारे. स्वतःच्या परगण्यात सहसा कोणाची नेमणूक नसे. लंडनच्या शिपायाच्या हाती १८२९मध्ये नुसता दंडुका दिला होता. आयर्लंडमध्ये लोकांवर नजर ठेवायची होती, म्हणून तिथं बंदूक दिली. नेपियरला नव्यानं जिंकलेला मुलूख ताब्यात ठेवायचा होता. त्यानं यातला कोणता नमुना उचलावा, यात नवल नव्हतं. पण त्यानं एक मोलाची गोष्टही केली: पोलिसांना स्वतःचे अधिकारी दिले, ज्यांना दुसरं काम नव्हतं.

सिंध १८४७मध्ये मुंबई इलाख्याला जोडला गेला. गव्हर्नर जॉर्ज क्लार्क तिथं जाऊन ही व्यवस्था पाहून आले आणि प्रभावित झाले. १८५३मध्ये मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांना पोलीस सुपरिंटेंडेंट मिळाला. आपल्या एसपीचा जन्म इथला.

१८५७च्या उठावानंतर सरकारला स्वस्त आणि हुकमी फौज हवी होती. १८६०च्या पोलीस आयोगाच्या शिफारशींवरून १८६१चा पाचवा कायदा आला. पोलिसांची उतरंड इन्स्पेक्टर जनरलपासून शिपायापर्यंत सरळ झाली, तरी जिल्ह्यात एसपीवर मॅजिस्ट्रेटचं, म्हणजे कलेक्टरचंच, सर्वसाधारण नियंत्रण राहिलं. लोकांना जाब देण्याची सोय मात्र कुठंच नव्हती. माझ्या मते आजच्या पोलिसांचं मोठं दुखणं हेच आहे. ते कुणा एका अधिकाऱ्याच्या स्वभावात शोधून सापडणार नाही.

१८९३पासून वरचे अधिकारी इंग्लंडमधल्या स्पर्धा परीक्षेतून निवडले जाऊ लागले. हिंदी माणसाला त्या परीक्षेची दारं १९२०नंतरच उघडली. स्वातंत्र्यानंतर ‘इंडियन पोलीस’ची भारतीय पोलीस सेवा झाली. ‘पोलीस’ हा विषय राज्यांचा, पण अधिकारी अखिल भारतीय सेवेचे. नेमणूक केंद्राची, हुकूम राज्याचा. ही रचना सरदार पटेलांनी आग्रहानं राखली. अधिकाऱ्यानं मंत्र्याला न घाबरता आपलं मत सांगावं, हा त्यांचा हेतू होता, आणि तो आजही तितकाच खरा वाटतो.

मूळ घरात मात्र वेगळंच घडलं. १९२२मध्ये ती जुनी फौज मोडीत निघाली आणि आयर्लंडनं नवी उभारली, ‘गार्डा शीखाना’. यादवी चालू असतानाही गणवेशातला शिपाई निःशस्त्र ठेवण्याचं ठरलं. आपण मूळ चौकट ठेवली आणि तिच्यावर नवी राज्यघटना बसवली.

ती चौकट बदलावी म्हणून निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २००६मध्ये निकाल लागला: राज्य सुरक्षा आयोग, तक्रार प्राधिकरण, एसपीला किमान दोन वर्षांची मुदत. महाराष्ट्रानं २०१४मध्ये आपल्या १९५१च्या पोलीस कायद्यात त्यासाठी कलमं घातली. त्यांतच सार्वजनिक हित आणि प्रशासकीय निकड ही कारणं देऊन मुदत संपण्याआधी बदली करण्याची मुभाही ठेवली. ही वाट अरुंद केल्याखेरीज दोन वर्षांच्या मुदतीला बळ येणार नाही.