दवाखान्याच्या वेबसाइटचा पत्ता: निवडताना आणि वाचताना काय पाहावे?

सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना मी ब्लड प्रेशरसाठी टेल्मिसार्टन आणि पायांवरच्या सुजेसाठी स्पायरोनोलॅक्टोन देत होतो. या दोन गोळ्या एकत्र चालू असताना रक्तातले पोटॅशियम वाढू शकते, म्हणून तपासणी सांगितली. मुलाने रिपोर्ट त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या ईमेलवर पाठवला. दोन दिवस माझा फोन आला नाही, म्हणजे सगळे ठीक असणार असे घरच्यांनी धरले. पोटॅशियम 6.1 होते. ते साधारण 3.5 ते 5 असावे लागते. 6 च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती असते.

मेल माझ्याकडे आलाच नव्हता. माझ्या पत्त्यातले ‘आरोग्य’ मी इंग्रजीत सुरुवातीला दोनदा ‘ए’ घालून लिहिले होते, मुलाने एकदाच घातला. त्या स्पेलिंगचा पत्ता दुसऱ्याच कोणाचा तरी होता, त्यामुळे मेल परतही आला नाही. तिसऱ्या दिवशी मुलाने सहज फोन केला म्हणून कळले. ईसीजी काढला, गोळी बंद केली, आजी बऱ्या झाल्या. चूक मुलाची नव्हती. नाव मी निवडले होते.

डोमेन म्हणजे काय?

वेबसाइटचे आणि ईमेलचे जे नाव आपण टाइप करतो ते डोमेन. ते कायमचे विकत मिळत नाही, भाड्याने मिळते. मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. डॉट कॉम कोणालाही घेता येते. डॉट इन हे भारताचे, तेही कोणालाही मिळते. डॉट गव्ह डॉट इन मात्र फक्त सरकारी संस्थांना मिळते.

तुमच्या घरात कोणी डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट किंवा लॅब चालवणारे असेल तर

नाव ठरवण्याआधी ते फोनवर एखाद्या वयस्कर नातेवाइकाला एकदाच सांगा आणि लिहून घ्यायला लावा. चुकले तर ते नाव सोडा. मराठी नावांची खरी अडचण इथेच येते. ‘श्री’ तीन प्रकारे लिहितात, ‘जीवन’ दोन प्रकारे, ‘आरोग्य’चे तर वर सांगितलेच. शिवाय संजीवनी, साई, आशीर्वाद ही नावे गावोगावी आहेत. आडनाव आणि गावाचे नाव जोडले तर निदान गोंधळ कमी होतो. मधली आडवी रेघ टाळा, लोक ती विसरतात. आकडाही टाळा, ‘चोवीस’ अक्षरांत की अंकांत, हे दर वेळी सांगत बसावे लागते. स्पेलिंग दोन प्रकारे होत असेल तर दोन्ही घेऊन एकावरून दुसऱ्यावर वळवा. मी आता तेच केले आहे.

2014 पासून डॉट भारत हा देवनागरी पत्ताही मिळतो. त्यात स्पेलिंगचा प्रश्नच नाही. पण अनेक फॉर्म आणि मेल सेवा तो अजून नीट स्वीकारत नाहीत, म्हणून तो जोडीला ठेवावा.

नोंदणी स्वतःच्या नावावर करा, वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या नावावर नको. तो गाव सोडून गेला की पत्ता अडकतो. नूतनीकरण राहिले तर तेच नाव दुसरा कोणी घेऊ शकतो. मग तुमच्या जुन्या प्रिस्क्रिप्शनवर छापलेल्या पत्त्यावर सट्ट्याची जाहिरात दिसते, आणि पेशंट त्या पत्त्यावर पाठवतात ते रिपोर्टही नव्या मालकाकडे जाऊ शकतात.

आजार बरा करण्याचे वचन नावातच देऊ नका. मधुमेहासारखे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. पेशंट म्हणून तुम्हाला ‘शुगरमुक्ती’ छापाचे नाव दिसले, तर मी तरी तिथे पुढे वाचणार नाही.

पत्ता कसा वाचायचा?

पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घ्या आणि उजवीकडून डावीकडे वाचा. आभा कार्डाची सरकारी साइट ‘एबीडीएम डॉट गव्ह डॉट इन’ने संपते. कोणी ‘एबीडीएम-गव्ह-इन डॉट कॉम’ असे नाव घेतले तर त्यात सगळे शब्द दिसतील, पण शेवट डॉट कॉमचा आहे, म्हणजे ते सरकारी नाही. पत्त्याशेजारच्या कुलपावर भिस्त ठेवू नका. तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते; पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असे नाही. फसवणाऱ्यांनाही कुलूप फुकट मिळते.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने डॉट बँक डॉट इन हा राखीव पत्ता आणला, आणि 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत त्यावर जायला सांगितले. दवाखान्यांना आपल्याकडे अशी सोय नाही. डॉट क्लिनिक हे नाव डॉक्टर नसलेल्यालाही मिळते. म्हणून पदवीची खात्री पत्त्यावरून होत नाही. त्यासाठी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पाहा (तो प्रिस्क्रिप्शनवर असायलाच हवा) आणि मेडिकल कौन्सिलच्या यादीत शोधा.

अपॉइंटमेंटच्या नावाने होणारी फसवणूक

घरात कोणी आजारी असते तेव्हा आपण घाईत असतो, आणि गुगलवर पहिला दिसेल तो नंबर फिरवतो. तो खोटा असला तर पलीकडचा माणूस ‘नोंदणीसाठी फक्त पाच-दहा रुपये भरा’ म्हणून लिंक पाठवतो, किंवा व्हॉट्सॲपवर एपीके फाइल. ती फाइल फोनमध्ये टाकली की तुमचे ओटीपी त्याला वाचता येऊ शकतात. रक्कम किरकोळ असते म्हणून शिकलेली माणसेही फसतात. नंबर घ्यायचा तर जुन्या फाइलवरून, बिलावरून किंवा तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडून घ्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर तितके पैसे परत मिळणे अवघड.

रिपोर्ट ईमेलने पाठवला तर तो पोचला का, हे त्याच दिवशी दवाखान्यात फोन करून विचारा. रिपोर्टमध्ये एखादा आकडा ठळक छापलेला असेल किंवा लॅबने ‘डॉक्टरांना लगेच दाखवा’ म्हटले असेल, तर मेलवर विसंबू नका, फोनच करा. आणि पेशंटला खूप अशक्तपणा, धडधड किंवा चक्कर असेल तर थेट जवळच्या हॉस्पिटलमध्ये न्या.