जादूसाठी नाण्यांची डबी निवडताना...

जालना : शाळेचे स्नेहसंमेलन असो, गणेशोत्सवातील करमणुकीचा कार्यक्रम असो की शेतावरची हुरडा पार्टी; खिशातून एक छोटी पितळी डबी काढून चार नाण्यांचा खेळ करणाऱ्याभोवती माणसे आपोआप जमतात. जादू म्हटले की मराठी प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर येतो तो रंगमंच, झगमगता पोशाख आणि भलीमोठी पेटी. पुण्याचे जादूगार रघुवीर यांनी ही रंगमंचीय जादू महाराष्ट्रात लोकप्रिय केली. पुढे विजय रघुवीर व जितेंद्र रघुवीर यांनी त्यांची परंपरा चालविली. मात्र प्रेक्षकांपासून हातभर अंतरावर बसून दाखवायच्या जादूचे तंत्र निराळे असते. इंग्रजीत तिला ‘क्लोज-अप मॅजिक’ म्हणतात. तेथे पडदा नसतो, प्रकाशयोजना नसते. असतात ते फक्त दोन हात आणि एखादी साधी वस्तू. नाण्यांची डबी ही अशा वस्तूंपैकी एक उपयोगी वस्तू मानली जाते.

या डब्यांचे प्रकार अनेक असून दिसायला त्या जवळपास सारख्याच असतात. बहुतेक नवशिके संकेतस्थळावरचे छायाचित्र पाहून डबी मागवितात आणि ती हाती आल्यावर आपले नाणे तिच्यात नीट बसतच नाही, असा अनुभव घेतात. त्यामुळे खरेदीपूर्वी डबीचे प्रकार, आपल्या नाण्यांची मापे आणि आपण कोठे, कोणापुढे प्रयोग करणार या तीन गोष्टींचा विचार करणे हिताचे ठरते. (कलेचा संकेत म्हणून प्रयोगांची संपूर्ण कृती येथे दिलेली नाही, निवडीसाठी आवश्यक तेवढीच रचना सांगितली आहे.)

ओकितो डबी

या कुळातील मूळ डबी म्हणजे ओकितो. थिओ बॅम्बर्ग (१८७५-१९६३) हे हॉलंडमधील एका नामवंत जादूगार घराण्याचे वारस. जपानी वेशात प्रयोग करताना त्यांनी ‘टोकिओ’ या शब्दातील अक्षरांची उलटापालट करून ‘ओकितो’ हे नाव घेतले. औषधाच्या गोळ्यांच्या पुठ्ठ्याच्या डबीवरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. पुढे ती पितळेत आली आणि जगभर पसरली.

तिची रचना कमालीची साधी आहे. गोल डबी आणि तिचे झाकण, एवढेच. विशेष इतकाच, की झाकण डबीच्या तोंडावर जसे बसते तसेच ते तळावरही बसते. त्यामुळे सुलटी डबी आणि उलटी डबी बाहेरून एकसारखीच दिसते. सारा खेळ या साम्यावर चालतो. डबीत कोणताही चोरकप्पा नसल्याने ती प्रेक्षकाच्या हाती निर्धास्तपणे देता येते. अर्थात, यंत्रात काही दडलेले नसल्यामुळे सगळा भार हातांवर येतो. ही डबी शिकायला वेळ लागतो. पण एकदा साधली की आयुष्यभर पुरते.

बॉस्टन डबी

हे नाव शहरावरून आलेले नसून जॉर्ज बॉस्टन या अमेरिकी जादूगारावरून पडले आहे. ओकितो डबीच्या तळाला बाहेरून एक नाणे मावेल एवढा खोलगट भाग ठेवला की बॉस्टन डबी तयार होते. डबीत चार नाणी आणि तळाच्या खोलगट भागात पाचवे, अशी मांडणी केली की उलटी झालेली डबीही भरलेलीच दिसते. ‘नाणी डबीतच आहेत’ असे प्रेक्षकाला शेवटपर्यंत दाखविता येणे, हा हिचा मोठा गुण होय. तोटा असा, की तळ मोकळेपणाने दाखविता येत नाही आणि एकसारखे जादा नाणे जवळ बाळगावे लागते. ओकितोवर हात बसल्यानंतरची ही दुसरी पायरी समजावी.

स्लॉट डबी

या डबीला एक अरुंद फट असते. डबी कलती करताच नाणी त्या फटीतून हाताच्या तळव्यात घसरतात. झाकण एकदा लावले की पुन्हा त्याला हात लावण्याचे कारण नसते, म्हणून नवशिक्यांचा ओढा तिच्याकडे असतो. परंतु सोपेपणाची किंमत मोजावी लागते. डबी तपासायला मागितली, की खेळ संपला! शिवाय फट विशिष्ट जाडीच्या नाण्यासाठी कापलेली असते. जाड नाणे तिच्यात अडकते आणि पातळ नाणे नको त्या क्षणी बाहेर पडते.

रॅटल बॉक्स आणि डबीत डबी

उसने घेतलेले एकच नाणे नाहीसे करायचे असेल तर लाकडी ‘रॅटल बॉक्स’ उपयोगी पडते. नाणे गुपचूप बाहेर आलेले असते, तरी डबी हलविल्यावर आतून खडखडाट ऐकू येतो. कानांवर विश्वास ठेवणाऱ्या प्रेक्षकाला ती हमखास चकविते. नाहीसे झालेले खुणेचे नाणे पुढे एकात एक बसविलेल्या, रबरबँडने आवळलेल्या डब्यांच्या संचातून काढून दाखविणे, हा तिचा जुना जोडीदार प्रयोग आहे. हा संच आकाराने मोठा असतो आणि त्याची तयारी आधी करावी लागते. त्यामुळे तो खिशातून काढून कोठेही करण्याजोगा नाही. वाढदिवसाच्या किंवा शाळेच्या कार्यक्रमासाठी मात्र तो उत्तम.

‘डायनॅमिक कॉइन्स’ या नावाने मिळणाऱ्या दोन पितळी टोप्यांचाही येथे उल्लेख करायला हवा. एका टोपीखालची नाण्यांची चळत दुसरीखाली जाते. यात हातचलाखी कमी आणि साधन अधिक असते. पहिल्याच दिवशी जमणारा हा खेळ मुलांना आवडतो. पण ही साधनेही तपासायला देता येत नाहीत.

आपले नाणे किती मोठे?

खरी अडचण येथे सुरू होते. परदेशी बनावटीच्या बहुसंख्य डब्या अमेरिकेच्या अर्ध्या डॉलरसाठी केलेल्या असतात. त्या नाण्याचा व्यास ३०.६ मिलिमीटर. भारतात २०१९ मध्ये जाहीर झालेल्या मालिकेत १ रुपयाचे नाणे २० मिलिमीटर, २ रुपयांचे २३, ५ रुपयांचे २५, तर १० आणि २० रुपयांची नाणी प्रत्येकी २७ मिलिमीटर व्यासाची आहेत. म्हणजे आपले मोठ्यात मोठे चलनी नाणेही अर्ध्या डॉलरच्या डबीत सैल पडते. सैल नाणे डबीत वाजते, कलते आणि आडवे उभे राहते. जवळून पाहणाऱ्या प्रेक्षकाला तेवढा आवाज पुरेसा असतो.

दुसरी गुंतागुंत एकाच किमतीच्या नाण्यांची. २०११ च्या मालिकेत २ रुपयांचे नाणे २५ मिलिमीटरचे, तर ५ रुपयांचे २३ मिलिमीटरचे होते. पुढच्या मालिकेत ही मापे नेमकी उलट झाली. जुनी व नवी नाणी बाजारात एकत्र फिरत असल्याने ‘५ रुपयांच्या नाण्याची डबी’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या मालिकेचे नाणे, हे विक्रेत्याला सांगावे लागते. डबीत ठेवायची चारही नाणी एकाच मालिकेची आणि सारखीच झिजलेली असावीत. प्रयोगासाठी १० रुपयांचे नाणे सर्वांत सोयीचे वाटते. ते मोठे आहे, दोन रंगांचे असल्याने दुरूनही ओळखू येते आणि प्रेक्षकाच्या खिशातही सापडते. २० रुपयांचे नाणे बारा कोनी असल्याने गोल डबीत ते कसे बसते, हे प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज ठरवू नये.

चुंबकाचे साधन वापरणाऱ्यांनीही जपून राहावे. १ व २ रुपयांची अलीकडची नाणी लोहयुक्त पोलादाची असल्याने चुंबकाला चिकटतात. ५ रुपयांचे निकेल-पितळेचे पिवळे नाणे चिकटत नाही. सूचनापत्रात डॉलरसाठी लिहिलेली कृती आपल्या नाण्यांना लागू पडेलच असे नाही.

घरात आजोबांचे राणीछाप रुपये असतील, तर एक गंमत ध्यानात येईल. ब्रिटिश अमलातील चांदीच्या रुपयाचा व्यास सुमारे ३०.५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्ध्या डॉलरएवढाच होता. त्यामुळे परदेशी डबीत तो सहज शोभतो. मात्र तो ठेवा आहे आणि चांदी मऊ असते. रोजच्या सरावात तो झिजविणे शहाणपणाचे नव्हे. सरावासाठी त्याच मापाची साधी टोकन वापरावीत. नाणे कापून, पोखरून साधन बनविण्याचा मोहही टाळावा. चलनी नाणे वितळविणे किंवा नष्ट करणे यास २०११ च्या नाणे कायद्याने मनाई आहे.

डबी पारखताना

पितळेची डबी जड असते, हातात स्थिर राहते आणि पडली तरी सहसा बिघडत नाही. अॅल्युमिनियमची हलकी डबी स्वस्त पडते. पण तिच्यात नाणी जास्त वाजतात. ओकितो किंवा बॉस्टन घेताना झाकण तोंडावर आणि तळावर सारख्याच सहजतेने बसते ना, हे प्रथम पाहावे. एका बाजूला ते घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल असेल, तर डबी निरुपयोगी. चार नाणी घातल्यावर वरचे नाणे कडेच्या किंचित खाली राहावे. डबी उलटी केल्यावर नाणी एकदम, न अडखळता हातात पडावीत. झाकणाच्या कडा टोचणाऱ्या नसाव्यात.

जालन्यासारख्या पोलाद उद्योगाच्या गावी आणखी एक मार्ग मोकळा आहे. आपले नाणे नमुना म्हणून देऊन लेथवर काम करणाऱ्या कुशल कारागिराकडून पितळेची ओकितो डबी करून घेता येते. तिच्यात गुप्त भाग नसल्याने काम अवघड नाही; अचूकता तेवढी हवी. आतला व्यास नाण्यापेक्षा जेमतेम मोठा आणि दोन्ही बाजूंची बाहेरची मापे एकसारखी, एवढे सांगितले तरी पुरते.

प्रयोग कोठे करायचा, हेही महत्त्वाचे. परदेशी पुस्तकांतील जादूगार बहुधा टेबलामागे कोट घालून बसलेला असतो. आपल्याकडे प्रेक्षक सतरंजीवर गोल करून बसतात, मुले पाठीमागेही उभी असतात आणि जादूगाराच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा असतो. अशा ठिकाणी मांडीचा, बाहीचा किंवा टेबलाच्या कडेचा आधार मिळत नाही. हातातल्या हातात उरकणारी ओकितो तेथे टिकते. चारी बाजूंनी पाहणाऱ्या मुलांपुढे स्लॉट डबी फार वेळ टिकत नाही. ज्यांना पुस्तकातून शिकायचे आहे, त्यांना जे. बी. बोबो यांच्या १९५२ मधील ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ या इंग्रजी ग्रंथातील ओकितो डबीवरील प्रकरण आजही उपयोगी पडेल.

कला आणि फसवणूक

नाणे हे करमणुकीचे साधन तसेच भोंदूगिरीचेही. पैसे दुप्पट करून देण्याच्या किंवा पैशांचा पाऊस पाडण्याच्या आमिषाने माणसे नागविली गेल्याच्या बातम्या महाराष्ट्राच्या अनेक भागांतून येत असतात. अशा भोंदूंचे भांडवल हातचलाखीचेच असते. फरक असतो तो दाव्यात. विवेकवादी कार्यकर्ते बी. प्रेमानंद (१९३०-२००९) यांनी स्वतः जादू शिकून बाबा-बुवांचे चमत्कार देशभर उघड केले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनीही गावोगावी आणि शाळाशाळांतून चमत्कारांमागील कारणे प्रयोग करून दाखविली. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. त्यानंतर त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला व डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळविणे व लोकांना फसविणे हा त्यानुसार गुन्हा असून, त्यासाठी ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कारावास आणि ५ हजारांपासून ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

करमणूक म्हणून दाखविलेली जादू आणि दैवी शक्तीचा दावा यांतील सीमारेषा जादूगाराच्या एका वाक्याने स्पष्ट होते. ‘ही हातचलाखी आहे, सरावाने कोणालाही जमेल,’ असे प्रयोगाच्या आरंभीच सांगावे. त्याने गुपित फुटत नाही आणि गंमतही कमी होत नाही. उसने घेतलेले नाणे मालकाला परत द्यावे, कोणाचे पैसे ‘वाढवून’ दाखविण्याचा खेळ लहान मुलांपुढे टाळावा. खेडेगावात एखाद्या मुलाच्या ‘हातात काहीतरी आहे’ अशी कुजबूज सुरू झाली, तर ती तिथल्या तिथे मोडून काढणे हेही जादूगाराचेच काम आहे.

थोडक्यात, पहिली डबी घेणाऱ्याने १० रुपयांच्या नाण्याच्या मापाची पितळेची साधी ओकितो घ्यावी. तिच्यावर हात बसला की बॉस्टन घ्यावी. मुलांच्या कार्यक्रमांसाठी रॅटल बॉक्स व डब्यांचा संच जोडीला ठेवावा. स्लॉट डबी आणि टोप्यांची साधने हौसेपुरती बरी. जी डबी प्रयोगानंतर निःशंकपणे प्रेक्षकाच्या हातावर ठेवता येते, ती सर्वांत चांगली. कारण ती उलटसुलट तपासून पाहिल्यावर, जे घडले ते डबीने नव्हे तर सरावलेल्या हातांनी घडविले, हे पाहणाऱ्याला आपोआप कळते.