पोकर : प्रारंभिक पानांची निवड

‘टेक्सस होल्डेम’ या पोकरच्या प्रकारात प्रत्येक खेळाडूस आरंभी जी दोन गुप्त पाने मिळतात, ती पाहून डावात उतरावे की ती टाकून स्वस्थ बसावे, याविषयीच्या निर्णयास ही संज्ञा आहे. पुढे सर्वांसाठी उघडल्या जाणाऱ्या पाच पानांवर कोणाचाच अखत्यार चालत नसल्याने खेळाडूच्या विवेकास मोठा वाव या पहिल्या टप्प्यावर मिळतो.

बावन पानांतून दोन पानांच्या १,३२६ जुळण्या संभवतात. त्यांचे प्रकार मात्र १६९ च : १३ जोड्या, ७८ एकरंगी आणि ७८ भिन्नरंगी. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ वाटपांत एकदा येते. भिन्नरंगी सत्ती-दुर्री परंपरेने सर्वांत हिणकस समजतात, कारण ही दोन पाने एका क्रमात कधीच बसत नाहीत. एकरंगी पानांचा मोह नवख्यास फार. परंतु पहिली तीन पाने उघडताच रंग पुरा होण्याचा योग शंभरांत एकदाही येत नाही.

डेव्हिड स्क्लॅन्स्की यांनी ‘होल्डेम पोकर’ (१९७६) या ग्रंथात पानांची श्रेणीवार प्रतवारी लावली. तथापि पानाची किंमत बैठकीवरही ठरते. नऊ जणांच्या फडात पाने पाहून प्रथम बोलणाऱ्यामागे आठ जण बोलावयाचे असतात, म्हणून त्याने राणी-गुलाम भिन्नरंगी निमूटपणे टाकावेत. तीच पाने वाटप करणाऱ्याच्या जागी बसलेल्यास, त्याच्या आधी बोलणाऱ्या सर्वांनी माघार घेतली असता, बेधडक खेळता येतात. गोकुळाष्टमीच्या जागरणात तीन पत्तीची पाने न बघताच पैसे लावणाऱ्यास हा संयम भ्याडपणाचाच वाटेल.

एक्का-राजा हाती असता एक सूक्ष्म लाभ दृष्टीआड होतो : एक्क्यांच्या जोडीच्या एरवी सहा जुळण्या, पण एक एक्का आपल्याकडेच अडकल्याने प्रतिस्पर्ध्यासाठी तीनच उरतात, आणि राजांचेही तसेच. म्हणजे ज्यांचे भय बाळगावे त्या दोन जोड्या निम्म्याने दुर्मीळ होतात. लहान जोडीची गोष्ट निराळी. तिला तिसरे जुळे पान पहिल्या तीन पानांत साडेआठ वेळांत एकदा लाभते, तेव्हा समोरच्याजवळ गमावण्यापुरती शिल्लक नसेल तर पंजीच्या जोडीसाठी पैसे मोजणे व्यर्थ होय.

या हिशेबास धाब्यावर बसविणारा दाखला डॉइल ब्रन्सन यांचा. १९७६ व १९७७ या लागोपाठ वर्षी लास वेगासच्या विश्वस्पर्धेचा निर्णायक डाव त्यांनी दश्शी-दुर्रीवर जिंकला, आणि तेव्हापासून ती टाकाऊ पाने त्यांच्याच नावाने ओळखली जातात.