सुपरचार्जर लावलेली एमजीबी: हेड गॅस्केट उडू नये म्हणून



ब्रिटनमध्ये राहायला आल्यावर जुन्या गाड्यांचा छंद जडलेले मराठी लोक बरेच भेटतात, आणि त्यांच्या आवडीत एमजीबीचा नंबर वरचा. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या या गाडीचे सुटे भाग आजही सहज मिळतात. तिचे १७९८ सीसी इंजिन आपल्याला तसे परके नाही. जुन्या पेट्रोल अँबॅसॅडरचे १४८९ सीसी इंजिन याच बी-सिरीज घराण्यातले! या गाडीला सुपरचार्जर बसवण्याचे तयार संच मिळतात. ताकद छान वाढते, पण काळजी घेतली नाही तर पहिला बळी हेड गॅस्केटचा जातो.

गॅस्केट का उडते?

ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेला पातळ पत्रा म्हणजे हेड गॅस्केट. ज्वलनाचा दाब, पाणी आणि ऑइल या तिघांना वेगळे ठेवणे हे त्याचे काम. एमजीबीच्या सिलिंडरचा व्यास ८०.२६ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. ज्वलनाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६० किलो धरला तर प्रत्येक स्फोटात हेड तीन टनांच्या जोराने वर ढकलले जाते. त्याला धरून ठेवतात ते फक्त ११ स्टड.

सुपरचार्जर इंजिनात जास्त हवा कोंबतो. वातावरणाचा दाब साधारण १४.७ पीएसआय. त्यात ६ पीएसआय बूस्टची भर पडली की दाब १.४ पट होतो. मूळ कॉम्प्रेशन रेशो ८.८ असेल तर ढोबळ हिशेबाने तो १२ च्या पुढे गेल्यासारखे होते. शिवाय सायकलचा पंप मारताना जसा गरम होतो, तशी ही दाबलेली हवाही तापते. मग पेट्रोल ठिणगीने शिस्तीत जळण्याऐवजी उरलेले मिश्रण आपोआप भडकते. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. ते हातोड्याचे घाव घातल्यासारखे असते, आणि गॅस्केट बहुधा त्यानेच फाटते. म्हणून नुसते चांगल्यातले गॅस्केट घालून काम भागत नाही. उष्णता आणि नॉकिंग आवरणे हाच खरा उपाय.

ही भीती जुनीच आहे. १९२९ च्या प्रसिद्ध 'ब्लोअर' बेंटलीत हेड आणि ब्लॉक एकाच ओतकामात होते, त्यामुळे तिला हेड गॅस्केटच नव्हते! मात्र व्हॉल्व्हच्या कामासाठी सगळा ब्लॉक उतरवावा लागे. आपल्याला ती सोय नाही, तेव्हा पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

सुपरचार्जर बसवण्याआधी

१. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. थकलेल्या इंजिनावर सुपरचार्जर बसवू नये.
२. हेड उतरवले असेल तर हेड आणि ब्लॉक दोन्हींचा सपाटपणा सरळ पट्टीने तपासावा. वाकलेले हेड मशीनशॉपमध्ये सपाट करून घ्यावे, पण गरजेपेक्षा जास्त घासू नये, कारण त्याने कॉम्प्रेशन आणखी वाढते.
३. स्टड व नट नवे घ्यावेत. स्टडची भोके साफ करावीत. आत साचलेले ऑइल किंवा कचरा राहिला तर टॉर्क खोटा लागतो.
४. नट मॅन्युअलमधील क्रमानेच, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळावेत. मूळ स्टडसाठी मॅन्युअलमधला टॉर्क ४५ ते ५० पाउंड-फूट आहे. वेगळे स्टड असतील तर ते बनवणाऱ्याचा आकडा पाळावा.
५. काहीशे मैल चालवल्यावर गॅस्केटच्या सूचनेप्रमाणे टॉर्क पुन्हा तपासावा आणि टॅपेटही पुन्हा लावावेत.

टायमिंग आणि पेट्रोल

बूस्ट असताना इग्निशन मागे घ्यावे लागते. दर पीएसआयला सुमारे एक अंश हा ढोबळ नियम सुरुवातीला धरतात, पण अंतिम टायमिंग रोलिंग रोडवर जाणकाराकडूनच लावून घ्यावे. मिश्रण पातळ राहता कामा नये. बूस्टमध्ये एक भाग पेट्रोलला साधारण १२ भाग हवा असावी. प्लग एक नंबर थंड घ्यावेत.

सप्टेंबर २०२१ पासून इथल्या पंपांवर साधे पेट्रोल ई१० असते. इथेनॉलमुळे मिश्रण थोडे पातळ होते आणि जुने रबरी पाइपही खराब होऊ शकतात. ९७ ऑक्टेन किंवा त्यावरचे, ई५ लिहिलेले सुपर पेट्रोलच भरावे. दोन पैसे जास्त जातील, पण इंजिन वाचेल.

कार्डिफचे रस्ते आणि थंडी

खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. कार्डिफहून ए४७० ने स्टोरी आर्म्सकडे चढताना किंवा न्यूपोर्टजवळ ब्रिनग्लास बोगद्यांपाशी एम४ वर रांगेत अडकल्यावर तीच वेळ इथेही येऊ शकते. रेडिएटर आतून साफ असावा, थर्मोस्टॅट व झाकणाचे रबर चांगले असावे, आणि तापमानाचा काटा खरा दाखवतो याची खात्री करावी. गरज वाटल्यास इलेक्ट्रिक पंखा लावावा.

नुसते पाणी घालू नये. हिवाळ्यात ते गोठून ब्लॉक फुटू शकतो. जुन्या गाड्यांसाठीचे पारंपरिक ग्लायकॉल अँटिफ्रीझ निम्मे-निम्मे घालून दर दोन वर्षांनी बदलावे. रंगावर जाऊ नये, डब्यावरची माहिती वाचावी. इंजिन नीट गरम होईपर्यंत ऍक्सिलरेटर पूर्ण दाबू नये.

धोक्याच्या खुणा

• गळती दिसत नसताना पाणी कमी होणे
• गरम इंजिनातूनही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे
• शेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदम कमी येणे
• ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर. मात्र थंडीत छोट्या फेऱ्यांनीही तो जमतो, म्हणून घाबरण्याआधी रेडिएटरमधील वायूची रासायनिक चाचणी करावी.

काटा लाल रेषेकडे गेला तर लगेच सुरक्षित जागी थांबावे. "घरापर्यंत जाईल" असे म्हणून रेटू नये. थोडक्या खर्चात भागणारे काम मग वाकलेले हेड आणि खराब झालेल्या बेअरिंगपर्यंत जाते. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, हात-तोंड भाजते. लहान मुलांना दूर ठेवावे.

शेवटी एक महत्त्वाचे: सुपरचार्जर बसवल्याचे विमा कंपनीला आधी कळवावे, नाहीतर अपघातानंतर दावा अडकू शकतो.

बूस्ट वाढवण्याची घाई करू नका. आधी थंडावा, मग पेट्रोल व टायमिंग, आणि ताकद सर्वांत शेवटी, हा क्रम पाळलात तर गाडी पुढच्या पिढीच्या हातीही धडधाकट जाईल.