तालमीचा उंबरा

सोलापुरात पत्ता विचारला की उत्तरात एखादी तालीम येतेच: पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम. तालीम म्हटली की तांबड्या मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती आणि बायकांनी ओलांडायचा नाही असा उंबरा.

गंमत आहे ती शब्दातच. तालीम म्हणजे शिक्षण! १९३७ साली वर्ध्यात गांधीजींनी मांडलेली 'नई तालीम' ती हीच. 'ताल'शी नातं जोडायचा मोह होतो. बैठका तालात, लेझीम तालात. पण मग मागचा 'ईम' कुठला? मराठीत असा प्रत्यय नाही. उलट तहसील, तजवीज, तपशील शेजारी ठेवून पाहा, सगळे एकाच अरबी साच्यातून निघालेले. 'इल्म' म्हणजे ज्ञान. त्याच धातूचा 'तअलीम'. मधला घशातला उच्चार मराठी जिभेला पेलला नाही, म्हणून 'ता' लांबला. ताल इथंच चितपट.

शाळेचं नाव हौद्याला चिकटलं ते बहुधा वस्तादामुळं. तोही फारसी 'उस्ताद'च. सोलापूरच्या किल्ल्यासाठी आदिलशाही-निजामशाही झुंजत असताना फौजेतली ही बोली पेठेत उतरली असणार.

नाटकवाल्यांनीही हाच शब्द उचलला, आणि तालीम मास्तरांच्या खोलीतही बहुतेक पुरुषच. भामिनी, रुक्मिणी, सिंधू झाले ते बालगंधर्व. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या. मातीची तालीम मात्र हटून बसली. १९५४च्या सुमारास महिला पैलवान हमीदा बानूची पुण्यातली रामचंद्र साळुंखेंशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळं रद्द झाली. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ची. महिलांची पहिली गदा सांगलीत प्रतीक्षा बागडीनं घेतली ती २०२३ साली.

कायद्याचं बोट धरावं, तर घटनेचं १९वं कलम मंडळ काढायचं स्वातंत्र्य देतं. १५व्या कलमात विहिरी, दुकानं, हॉटेलं येतात. खासगी क्लबाचं नाव नाही. पण तालीम खासगी म्हणायची कशी? तालमीच्या गणपतीची वर्गणी साऱ्या पेठेतून येते, आणि दारात ती हातावर ठेवणारी बऱ्याचदा घरातली बाईच असते.

राहता राहिली लेझीम. फारसीत 'लेजम' म्हणजे सरावाचं, दोरीऐवजी साखळी लावलेलं धनुष्य. म्हणजे हीसुद्धा तालमीचीच. सोलापूरच्या मिरवणुकीत ती आता पोरीही खेळतात.